पोलिसांनी भाडेकरूच्या घराची किल्ली मागितली, देऊ का?

एका वाचकाचं पत्र:

"सप्रेम नमस्कार. मी ६४ वर्षांचा, बेस्टमधून निवृत्त. मुलुंड पूर्वेला एकाच मजल्यावर आमचे दोन फ्लॅट आहेत. एकात आम्ही दोघं राहतो, समोरचा वन रूम किचन लिव्ह अँड लायसन्सवर दिला आहे. डिसेंबरपासून तिथे एक तरुण जोडपं राहतं. प्रेमविवाह आहे. मुलाचं गाव कणकवलीकडे. मुलीच्या माहेरचं कोणी आलेलं कधी पाहिलं नाही. भाडं वेळेवर, वागणं चांगलं. त्यांच्या घराची डुप्लिकेट किल्ली आमच्याकडे असते, त्यांनीच ठेवायला दिली आहे.

गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊला साध्या कपड्यांतले दोघे आले. क्राइम ब्रँचमधून आलोय म्हणाले. ओळखपत्र दाखवलं, पण मी चष्मा लावेपर्यंत ते खिशात गेलं होतं. भाडेकरू गणपतीला पाच दिवस गावी जाणार हे त्यांना माहीत होतं. 'त्या दिवसांत एक तास किल्ली द्या. आत छोटंसं काम आहे, काही नेणार नाही, काही मोडणार नाही.' कागद विचारला तर म्हणाले, 'काका, अशा कामाचा कागद नसतो. गुप्त आहे. काकूंनाही सांगू नका.' विचार करून सांगतो म्हणालो. तेव्हापासून झोप नाही. नाही म्हटलं तर माझ्यावरच केस होईल का? दिली तर माझा गुन्हा होईल का? भाडेकरूंना सांगू का? आणि उद्या आमच्या घरात कोणी असं काही लावून गेलं तर?"

नमस्कार.

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या: किल्ली देऊ नका, लेखी आदेश मागा. आज सदरात सविस्तर लिहिते, कारण हा प्रसंग तुमच्या एकट्याचा नाही. या शहरात कितीतरी घरांच्या किल्ल्या शेजारी, घरमालकाकडे, वॉचमनच्या केबिनमधल्या खिळ्याला असतात. पहाटे पाणी येतं म्हणून, सिलिंडर यायचा असतो म्हणून, घरात म्हातारं माणूस एकटं असतं म्हणून. आम्ही गिरगावात राहायचो तेव्हा मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांच्या किल्ल्या माझ्या आईच्या देवघराच्या खणात असायच्या. त्यातली एखादी तिने घरातल्या बाईला न विचारता तिऱ्हाइताच्या हातात ठेवली असती, ही कल्पनासुद्धा मला करवत नाही. तुमची झोप उडाली आहे ती याच कारणाने, आणि ती उडावी हे योग्यच आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. कागदाशिवाय किल्ली दिली नाही म्हणून तुमच्यावर गुन्हा होत नाही. पोलिसांना मदत करण्याचं नागरिकाचं कर्तव्य भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१ मध्ये लिहिलेलं आहे. (१ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी ही संहिता आली.) ते कर्तव्य मोजक्या गोष्टींचं आहे: ज्याला पकडायचा अधिकार पोलिसांना आहे त्याला पकडण्यात किंवा तो पळू नये यासाठी मदत, शांतताभंग रोखायला मदत, आणि सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान टाळायला मदत. दुसऱ्याच्या बंद घराची किल्ली गुपचूप काढून देणं त्यात कुठेच बसत नाही. शांतपणे "लेखी आदेश आणा" म्हणणं म्हणजे सरकारी कामात अडथळा नव्हे. मात्र अंगाला हात लावू नका, दारात ढकलाढकली होऊ देऊ नका. पूर्वी ज्याला सगळे '३५३ लावला' म्हणायचे ते कलम आता आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत १३२ झालं आहे, आणि त्याची सुरुवात धक्काबुक्कीपासूनच होते. तोंडाने नकार द्या, हात मागे ठेवा.

आता मुख्य गोष्ट. पोलिसांना घरात शिरण्याचा अधिकार आहेच, आणि तो लहान नाही. न्यायालयाचं वॉरंट घेऊन ते झडती घेऊ शकतात. वॉरंट आणायला गेलं तर पुरावा हातचा जाईल असं सबळ कारण असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ खाली वॉरंटशिवायही घेऊ शकतात. पण त्यासाठी तपास अधिकाऱ्याला आधी कारणं लिहून काढावी लागतात, आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे जावी लागते. ज्याच्या घराची झडती झाली त्याने अर्ज केला तर ती प्रत त्याला फुकट मिळते. झडतीच्या वेळी वस्तीतले दोन प्रतिष्ठित, तटस्थ पंच लागतात. घरातल्या माणसाला किंवा त्याच्या वतीने कोणाला तरी हजर राहू द्यावं लागतं. जे नेलं त्याची यादी करून तिच्यावर पंचांच्या सह्या घ्याव्या लागतात आणि यादीची प्रत घरच्यांना द्यावी लागते. नव्या संहितेच्या कलम १०५ ने आणखी एक बंधन घातलं आहे: झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं, मोबाइलवर केलं तरी चालेल, आणि ते दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं.

घराला कुलूप असेल तरी झडती अडत नाही. आत जायला दुसरा मार्गच नसेल तर कुलूप तोडता येतं. पण तोडतात ते पंचांसमोर, आणि पंचनाम्यात तसं लिहितात. तुमच्याकडे लेखी बोलावणं घेऊन कोणी आलं की 'समोरच्या फ्लॅटची झडती आहे, पंच म्हणून या', तर जरूर जा. त्याला कारण नसताना नकार देणं हा मात्र गुन्हा आहे.

या सगळ्यातून दिसतं ते असं की आपल्याकडची झडती उघड्या दाराची असते. शेजारपाजार बघतो, कागद होतो, न्यायालयाला कळतं. घरातली माणसं गावी गेल्यावर आत जायचं, काहीतरी बसवायचं, कुलूप पुन्हा होतं तसं लावायचं आणि त्यांना कळूही द्यायचं नाही, अशी झडती या संहितेत नाही. "अशा कामाचा कागद नसतो" हे वाक्य म्हणून खरं नाही. काम जितकं गुप्त, तितका वरचा माणूस त्या कागदावर सही करतो, अशीच आपल्या कायद्याची रचना आहे.

फोन ऐकण्याचंच घ्या. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचं कलम ५ यासाठी शंभराहून अधिक वर्षं वापरलं गेलं. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फोनवरचं बोलणं हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, आणि तो ऐकायचा तर गृहसचिवांच्या पातळीवरचा आदेश हवा, मुदत हवी, तपासणारी समिती हवी. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४ चे नियम लागू आहेत. आदेश राज्यात गृह विभागाच्या सचिवांचा, मुदत ६० दिवसांची, आणि कितीही वाढवली तरी एकूण १८० दिवसांच्या वर नाही. पण यातलं काहीही करायला तुमची किल्ली लागत नाही. फोन कंपनीमार्फत ऐकला जातो.

किल्ली लागते ती घरातलं, समोरासमोरचं बोलणं ऐकायचं असेल तेव्हा. आणि इथे महाराष्ट्राचा एक कायदा वेगळा आहे, तो प्रत्येक मुंबईकर घरमालकाला माहीत असायला हवा. १९९९ चा मोक्का. टोळ्यांच्या संघटित गुन्हेगारीसाठी आणलेल्या या कायद्यात कलम १३ ते १६ ही संभाषण ऐकण्याविषयीची आहेत, आणि त्यांत फोन, इलेक्ट्रॉनिक संदेश यांच्या जोडीला तोंडी बोलणंही येतं. तपासावर देखरेख करणाऱ्या किमान पोलीस अधीक्षक दर्जाच्या, म्हणजे मुंबईत उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने लेखी अर्ज करायचा असतो. गुन्हा कोणता, जागा कोणती, तपासाचे नेहमीचे मार्ग वापरून पाहिले का, ते का कमी पडले, किती दिवस ऐकायचं आहे, हे सगळं त्यात मांडावं लागतं. मंजुरी देणारा अधिकारी गृह विभागातला, सचिव दर्जाच्या खालचा नाही. एका आदेशाची मुदत ६० दिवसांपेक्षा जास्त नसते. तातडी असेल तर अतिरिक्त महासंचालक दर्जाचा अधिकारी आधी परवानगी देऊ शकतो, पण ४८ तासांत रीतसर अर्ज करावाच लागतो. प्रत्येक आदेश मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जातो. वर्षभरात असे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, याचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवायचा असतो. आणि परवानगीशिवाय कान लावणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, हेही त्याच कायद्यात, कलम १६ मध्ये लिहिलेलं आहे.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. कलम १४ खालच्या आदेशात असंही म्हणता येतं की सेवा पुरवणारी कंपनी, घरमालक, जागेचा रखवालदार किंवा आणखी कोणी व्यक्ती यांनी पोलिसांना माहिती, सोय आणि तांत्रिक मदत द्यावी, आणि ते काम कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने व्हावं. 'घरमालक' हा शब्द कायद्यातच आहे. म्हणजे उद्या खरोखरच गृह विभागाचा, या कलमाखालचा आदेश घेऊन एखादा अधिकारी आला, आणि त्यात तुमच्याकडून मदतीची अपेक्षा लिहिलेली असली, तर "मी कशाला त्यात पडू" म्हणून हात झटकता येणार नाहीत. तेव्हा मदत करायची, आणि तोंड बंद ठेवणंही त्या मदतीतच आलं. तुम्हाला जो कागद मागायला सांगते आहे तो हा.

तरी एक गाठ उरतेच. मोक्कात ऐकण्याची परवानगी आहे, घरात चोरपावलांनी शिरण्याबद्दल वेगळं कलम नाही. ऐकण्याच्या परवानगीतच आत जाऊन यंत्र बसवण्याची परवानगी येते का? अमेरिकेत जवळजवळ अशाच शब्दांच्या कायद्यावर हा वाद झाला. न्यू जर्सीतल्या एका कार्यालयात एफबीआयची माणसं मध्यरात्री खिडकीतून शिरली आणि छतात माईक बसवून गेली. १९७९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते चालवून घेतलं, पण पाच विरुद्ध चार अशा फरकाने. ब्रिटनने दुसरा रस्ता धरला. १९९३ मध्ये शेफील्डमधल्या एका घराला पोलिसांनी गुप्तपणे माईक लावला होता. जो माणूस त्यात अडकला त्याचं ते घरही नव्हतं, तो मित्राकडे आला होता. तेव्हा पोलिसांकडे फक्त गृहखात्याची मार्गदर्शक तत्त्वं होती, कायदा नव्हता. २००० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की कायद्याचा आधार नसताना असा माईक लावणं हा खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग आहे. तोवर ब्रिटनच्या संसदेने १९९७ च्या पोलीस कायद्यात हा अधिकार लिहून टाकला होता: कोणाच्या मालमत्तेत शिरायचं तर वरिष्ठ पोलीस प्रमुखाची परवानगी, आणि राहतं घर, हॉटेलची खोली किंवा कार्यालय असेल तर त्यावर स्वतंत्र आयुक्ताची आगाऊ मंजुरी. माझं मत विचाराल तर आपल्याकडेही हे असंच लिहिलेलं असायला हवं. पोलिसांना अशी गरज पडतच नाही असं म्हणणारी मी नाही. १९९३ चे स्फोट आणि २६/११ पाहिलेल्या शहरात राहते. पण कोणत्या घरात, कोणाच्या परवानगीने, किती दिवस, आणि नंतर कोणाला उत्तर द्यायचं, हे विधिमंडळाने शब्दांत लिहावं. ते एखाद्या निवृत्त माणसाच्या दारात रात्री साडेनऊला ठरू नये.

मोक्काची ही कलमं मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केली होती, राज्याला असा कायदा करता येत नाही या कारणाने. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती पुन्हा वैध ठरवली. म्हणजे आज ती लागू आहेत, आणि त्यांतली बंधनंही तितकीच लागू आहेत.

तुमच्या मनात आणखी एक शंका असेल. घर माझ्या नावावर, लिव्ह अँड लायसन्सच्या करारात तर ताबा मालकाचाच असतो असं वकिलाने लिहून दिलेलं असतं. मग मी माझ्या घरात कोणाला नेलं तर? तो शब्द भाडेकरूने घर बळकावू नये यासाठी आहे. त्या घरातला संसार, कपाट, अंथरूण, रात्रीचं बोलणं करारात तुमच्या नावे लिहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँकेच्या खटल्यात २००४ मध्येच सांगितलं आहे की खासगीपणाचा हक्क जागेला चिकटलेला नसतो, माणसाला असतो. बँकेत ठेवलेले कागद बँकेचे होत नाहीत, तसं तुमच्या भिंतींच्या आतलं त्यांचं आयुष्य तुमचं होत नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. तेव्हापासून सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा, आणि हेतूच्या मानाने हस्तक्षेप बेताचा हवा.

ही आजची नवी भावनाही नाही. उत्तर प्रदेशात खडकसिंग नावाचा एक माणूस होता. १९४१ मध्ये दरोड्याच्या संशयावरून पकडला आणि पुराव्याअभावी सोडला. तरी पोलिसांनी त्याची हिस्टरी शीट उघडली, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे रात्री-अपरात्री दारावर येऊन हाका मारून त्याला उठवत, घरात शिरत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या त्या घरभेटींचा नियम घटनाबाह्य ठरवला. त्या निकालात इतर पाळत चालू ठेवायला परवानगी मिळाली. तो भाग मला कधीच पटला नाही. पण घराच्या उंबऱ्यावर न्यायालय थांबलं, ते तेव्हापासून.

दुसरा प्रश्न, किल्ली दिली तर. आलेले दोघं खरेच पोलीस आहेत का, इथून सुरुवात करा. क्राइम ब्रँचचं नाव घेऊन फसवणारे या शहरात कमी नाहीत. फोनवर 'डिजिटल अरेस्ट' करून पैसे उकळणाऱ्यांबद्दल तुम्ही वाचलंच असेल. पोलीस नसताना पोलीस म्हणून वावरणं हा न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे, कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैदेचा. पण मला पैशांपेक्षा दुसरी भीती जास्त वाटते, आणि ती तुमच्याच पत्रातल्या एका ओळीने वाटते: मुलीच्या माहेरचं कोणी कधी आलं नाही. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेल्या मुलीचा ठावठिकाणा, वेळा, बोलणं जाणून घ्यायला घरचे कुठवर जातात हे मी न्यायालयात पाहिलं आहे. खासगी हेर नेमले जातात, ओळखीतल्या एखाद्या पोलिसाला वर्दीबाहेरचं काम सांगितलं जातं. अशा जोडप्यांच्या जिवाला धोका असतो म्हणूनच २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष नेमायला सांगितले. तुमच्याकडे आलेले तसलेच होते असं मी म्हणत नाही. ते खरे अधिकारी आणि कारण खरं असण्याचीही शक्यता आहे. पण तुम्हाला हे दारात उभं राहून कळणार नाही, आणि आत त्यांनी काय लावलं हेही कळणार नाही. माईक असेल, किंवा झोपण्याच्या खोलीत कॅमेरा असेल. स्त्रीचं खासगी चित्रण हा कलम ७७ चा स्वतंत्र गंभीर गुन्हा आहे. उद्या ते उघडकीला आलं तर पहिला प्रश्न असेल, कुलूप न तोडता आत कोण कसं गेलं? आणि त्याचं उत्तर तुमच्या घरातल्या खिळ्याला लटकत असेल.

याच जागी कायद्याची एक कडू बाजूही सांगते, कारण ती लपवून सल्ला देणं बरोबर नाही. बेकायदा मिळवलेला पुरावा आपल्याकडची न्यायालयं आपोआप फेकून देत नाहीत. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की झडती बेकायदा असली तरी सापडलेली गोष्ट खटल्याशी संबंधित असेल तर ती पाहता येते. त्याच्या आदल्या वर्षीचा खटला तर मुंबईचाच. इथल्या एका कॉरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, डॉक्टरकडून लाच मागितल्याचा आरोप होता, आणि दुसऱ्या डॉक्टरच्या फोनला, त्याच्या संमतीने, पोलिसांनी ध्वनिमुद्रण यंत्र जोडलं होतं. ते मुद्रण ग्राह्य धरलं गेलं. तिथे संमती बोलणाऱ्याची स्वतःची होती. तुमच्या भाडेकरूंची संमती तुम्ही देऊ शकत नाही. अलीकडे वारं थोडं बदललं आहे: २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका तपासातले फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ती मुद्रणं नष्ट करायला सांगितलं, कारण सार्वजनिक सुरक्षेचं कारण तिथे दिसतच नव्हतं. तरीही, चूक झाल्यावर न्यायालय सगळं निस्तरेल या भरवशावर कोणी किल्ली देऊ नये.

आता काय करायचं. ते पुन्हा आले तर साखळी लावूनच दार उघडा. नाव, हुद्दा, कोणतं युनिट, वरिष्ठ कोण, हे विचारून त्यांच्यासमोर लिहून घ्या. ओळखपत्र हातात घेऊन वाचा, चष्मा लावून, सावकाश. त्यांनी दिलेल्या मोबाइल नंबरवर खात्री करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात जा, सोबत मुलगा किंवा सोसायटीचा सचिव असू द्या, वरिष्ठ निरीक्षकांना भेटा आणि अर्ज द्या. मजकूर एवढाच पुरे:

"अमुक तारखेला रात्री ९.३० वाजता दोन व्यक्ती माझ्या घरी आल्या. त्यांनी गुन्हे शाखेचे असल्याचे सांगून, माझ्या परवानाधारकाच्या अनुपस्थितीत त्यांच्या सदनिकेची किल्ली मागितली. लेखी आदेश दाखवला नाही. या व्यक्तींची ओळख पडताळावी ही विनंती. सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश दाखवल्यास मी कायद्यानुसार पूर्ण सहकार्य करीन."

अर्जात जोडप्याबद्दल एक शब्दही जास्त लिहू नका, तर्क करू नका. एक प्रत परिमंडळाच्या उपायुक्तांना पाठवा. दोन्हीकडून शिक्क्यासह पोच घ्या. हा अर्ज तुम्हाला दोन्ही बाजूंनी वाचवतो. आलेले तोतये असतील तर पोलीस सावध होतील. खरे असतील तर तुम्ही अडथळा आणला नाही, रीत विचारली, हे कागदावर राहील. तुम्हाला चौकशीला ठाण्यात बोलावलं तर लक्षात असू द्या, साठीच्या वरच्या माणसाला साक्षीसाठी राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही. त्यांनी घरी यायचं. वकील ओळखीचा नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० वर फोन करा.

भाडेकरूंना सांगू का, हा मला तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो. ठाण्यातून उत्तर येईपर्यंत सांगू नका. तपास खरा असेल तर तुमच्या एका वाक्याने तो बिघडेल, आणि तेव्हा बोट तुमच्याकडे वळेल. दोघं तोतये निघाले, किंवा ठाण्यात सांगितलं की आमच्याकडून कोणी गेलंच नाही, तर त्याच दिवशी सांगा, आणि मुलीला आधी सांगा. तिला कोणाची शंका येते ते तिलाच ठाऊक असेल. ठाण्यातून काहीच उत्तर आलं नाही आणि गणपती दारात आले, तर किल्ली त्यांना परत देऊन टाका. "आम्हीही दोन दिवस बाहेर जातोय, तुमची किल्ली तुमच्याकडेच असू द्या" एवढं पुरे आहे. घरी जपून ठेवायला दिलेली वस्तू ज्याची त्याला परत देण्यात कोणताही गुन्हा नाही.

त्यांनी तुमच्याच घराची खिडकी मागितली असती, समोरच्या इमारतीवर नजर ठेवायला, तर माझं उत्तर वेगळं असतं. ती तुमची जागा, द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. दिलीत तरी लेखी विनंती मागून घ्या. सोसायटीच्या सीसीटीव्हीचंही तसंच. तपासासाठी लेखी मागणी आली तर फुटेज द्यावं, प्रत आपल्याकडे ठेवावी, आणि पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे वाचूनच सही करावी.

तुमच्या स्वतःच्या घराची काळजी, तर आजच एक करा. तुमच्या फ्लॅटची दुसरी किल्ली कोणाकोणाकडे आहे ते आठवा आणि परत मागून घ्या. संकोच वाटेल, पण मागा.

आणि वहिनींना आज रात्रीच सगळं सांगा. बायकोला सांगू नका असं म्हणण्याचा अधिकार त्या दोघांना कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. समोरची मुलगी वहिनींशी बोलते, तुमच्याशी नाही. तिच्या घरात काय चाललंय, तिला कोणाची भीती आहे का, हे तुमच्याआधी वहिनींना माहीत असण्याची शक्यता आहे.